अक्षराचे वळण आणि पडदा

हळ्ळीखेड (बी) हे बीदर जिल्ह्यातील गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. या टापूतील ज्या मराठी मुलांची शाळा कन्नड, त्यांना मायबोलीचे अक्षर आता बहुधा फोनच्या पडद्यावरच भेटते. म्हणून ते तेथे कोणत्या रूपात भेटते, याची चौकशी आम्हांस अगत्याची वाटते.

एकच संकेतपान दोन ब्राउझरांत निरनिराळे का दिसावे? पान रचणाऱ्याने जे सांगितले नाही, ते ब्राउझर आपल्या पदरचे घालतो. मथळा केवढा, परिच्छेदांत अंतर किती, कडेचा समास केवढा, याची त्याची स्वतःची नियमावली असते आणि पूर्वी या नियमावल्यांत बरीच तफावत असे. एरिक मेयर यांनी २००७ साली त्यावर उपाय काढला: हे सारे आधी शून्यावर आणावे व मग हवे तसे मांडावे. पुढे निकोलस गॅलघर व जोनाथन नील यांनी ‘नॉर्मलाइझ’ नावाची सौम्य नियमावली केली. तीत चांगले ते राखून केवळ तफावत मिटविली जाते. आमचा कौल दुसरीस आहे. सारवण्यासाठी भिंती कशाला पाडाव्यात!

परंतु या नियमावल्यांनी समास जुळले, अक्षर जुळले नाही. युनिकोडमध्ये मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांस क्रमांक एकच. हिंदी वळणाच्या ‘ल’ला उजवीकडे उभा दंड, आपला दोन पाकळ्यांचा, ‘श’चेही वळण निराळे. कोणते दिसावे हे फॉन्ट ठरवितो, आणि पानाने फॉन्ट नेमला नसेल तर विंडोज, ॲपल व अँड्रॉइड आपापला वापरतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णांची रूपे ठरवून दिली खरी, पण ब्राउझर शासननिर्णय वाचीत नाही.

त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पानाच्या आरंभीच्या खुणेत भाषा मराठी आहे, म्हणजे ‘एमआर’, असे नोंदवावे. दुसरे, मराठी वळणे असलेला फॉन्ट पानासोबतच पाठवावा. फॉन्टात दोन्ही वळणे असली, तर भाषेची नोंद पाहून मराठी वळण निवडले जाते; नोंद नसली तर बहुधा हिंदीच येते.

वाचकहो, आपल्या मंडळाचे पान कोणी रचीत असेल तर त्यास या दोन गोष्टी अवश्य विचारा. मग पानावर ‘कुशल’ हा पत्रांतला जुना शब्द घाला आणि घरातल्या प्रत्येक फोनवर उघडून पाहा. ‘श’ आणि ‘ल’ दोन्ही त्यात आहेत.