गिरमिटियांच्या गाण्यांचे ऋण

कलकत्त्याच्या बंदरातून परदेशी जाणाऱ्या मजुराच्या नावाने इंग्रज सरकार एक कागद करीत असे. त्यावर त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची आणि अंगावरील एखादी खूण असे सारे काही नोंदलेले असे. असे हजारो कागद आजही अनेक देशांच्या दफ्तरखान्यांत जपून ठेवलेले आहेत. मजुराची उंची इंचांत मोजणाऱ्या आणि त्याच्या कपाळावरील व्रणाचीही दखल घेणाऱ्या त्या कारकुनाच्या कागदावर एक रकाना मात्र नव्हता. गाव सोडताना या माणसाला काय वाटले आणि सातासमुद्रापलीकडे त्याने काय भोगले, हे लिहिण्यास तेथे जागा नव्हती.

हा रकाना भरण्याचे काम इतिहासकारांनी केले नाही, सरकारने करण्याचा प्रश्नच नव्हता. ते केले गाण्यांनी. आणि त्या गाण्यांपैकी काही आपल्यापर्यंत पोहोचली ती जत्रेत, रेल्वेस्थानकाबाहेर, रस्त्याच्या कडेला चटईवर मांडून विकल्या जाणाऱ्या हलक्या कागदावरील पुस्तिकांनी. या पुस्तिकांकडे आपण सुशिक्षितांनी कधी ढुंकूनही पाहिले नाही. ‘बाजारू वाङ्मय’ हा शिक्का मारून आपण मोकळे झालो. या उपेक्षेची किंमत किती मोठी आहे, याचा हिशेब आता तरी मांडला पाहिजे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनासे झाले. मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. त्याच वर्षी ‘अ‍ॅटलस’ जहाज मजुरांना घेऊन मॉरिशसला पोहोचले. ५ मे १८३८ रोजी ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही जहाजे दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानाच्या किनाऱ्याला लागली. पुढे १८४५ मध्ये त्रिनिदाद, १८६० मध्ये नाताळ, १८७३ मध्ये डचांचे सुरीनाम आणि १८७९ मध्ये फिजी अशी ही साखळी लांबत गेली. एकट्या मॉरिशसमध्ये सुमारे साडेचार लाख, तर गयानामध्ये सुमारे २ लाख ३९ हजार माणसे गेली. करारनाम्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा अपभ्रंश होऊन ‘गिरमिट’ झाले आणि त्यावर अंगठा उठवणारा ‘गिरमिटिया’ ठरला. मॉरिशस त्याच्या तोंडी ‘मिरिच’ झाले, गयानातील डेमेरारा ‘दामरा’ झाले आणि सुरीनाममध्ये तर त्याला श्रीरामाचेच नाव ऐकू आले. परक्या भूमीला आपल्या भाषेत सामावून घेण्याचा हा त्याचा पहिला प्रयत्न होता. दुसरा प्रयत्न होता गाणे.

जॉर्ज ग्रिअर्सन हे नाव आपल्याकडे भाषासर्वेक्षणामुळे परिचित आहे. याच ग्रिअर्सनने १८८३ मध्ये बंगाल इलाख्यातून वसाहतींत होणाऱ्या मजूरभरतीची सरकारी चौकशी करून अहवाल दिला. पुढच्याच वर्षी लंडनच्या एका विद्वत्पत्रिकेत त्याने संकलित केलेली बिहारी लोकगीते छापून आली आणि १८८६ मध्ये भोजपुरी लोकगीते. एकच माणूस एका हाताने मजुरांच्या भरतीचा अहवाल लिहितो आणि दुसऱ्या हाताने त्या मजुरांच्या आयाबहिणींची गाणी टिपून घेतो. ही गाणी गोळा करण्याची बुद्धी त्या काळात आपल्यापैकी फार थोड्यांना झाली, हे कबूल केले पाहिजे.

छापील पुस्तिकांचे युग त्यानंतर बहरले. बनारसच्या कचौडी गल्लीत आणि कलकत्त्यालगतच्या हावड्यात अशा पुस्तिकांचे प्रकाशक उभे राहिले. एका मोठ्या कागदाला घड्या घातल्या की आठ किंवा सोळा पाने होत. त्यात बारामासा, कजरी, फाग, पूरबी असे गीतप्रकार दाटीवाटीने बसवलेले असत. ज्याला वाचता येई तो वाचे, बाकीचे ऐकून पाठ करीत. सारण जिल्ह्यातील कुतुबपूरचे भिखारी ठाकूर याच परंपरेतील. जातीने न्हावी, शिक्षण जवळजवळ नाही, पोटासाठी खड्गपूरपर्यंत गेलेला हा माणूस गावी परतला आणि नाटकमंडळी काढून बसला. त्यांच्या ‘बिदेसिया’ नाटकातील नायक नवपरिणीत पत्नीला गावी ठेवून कलकत्त्याला जातो, तेथे दुसरा संसार मांडतो आणि एका वाटसरूकरवी आलेल्या पत्नीच्या निरोपाने परत फिरतो. भिखारी ठाकुरांच्या रचना अशाच स्वस्त पुस्तिकांतून खेडोपाडी गेल्या. नाटकातला परदेश कलकत्त्यापर्यंतचाच. परंतु त्या गावांना कलकत्ता म्हणजे ज्या धक्क्यावरून मनुष्य कायमचा नाहीसा होऊ शकतो तो धक्का होता. म्हणूनच ‘बिदेसिया’ हा शब्द हावड्याच्या ज्यूट गिरणीत गेलेल्यालाही लागला आणि फिजीला गेलेल्यालाही.

आता ज्या पुस्तिकेमुळे हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येतो. तिचे नाव ‘दामरा फाग बहार’. कर्ता लालबिहारी शर्मा. बिहारमधून गिरमिटावर ब्रिटिश गयानात गेलेला हा माणूस तेथील एसेक्विबो भागात ऊसमळ्याच्या वस्तीवर राहत होता. त्याने होळीची गीते रचली आणि ती १९१५-१६ च्या सुमारास पुस्तिकारूपाने छापून प्रसिद्ध झाली. फाग म्हणजे शिमग्याच्या दिवसांत ढोलक आणि झांजांच्या साथीने समूहाने गावयाची गाणी. फागाचा स्वभाव रंगाचा, थट्टेचा, राधाकृष्णाच्या खेळाचा. या माणसाने त्याच चौकटीत मळ्यावरील राबणे बसवले, स्वदेशाची आठवण बसवली आणि विरहही बसवला. एरवी विरहिणी बोलते आणि परदेशी गेलेला पुरुष गप्प असतो. येथे गेलेला माणूस स्वतः बोलतो. इंग्रजी अमलाखालील कॅरिबियन मळ्यांतून गिरमिटियाने स्वतःच्या हाताने लिहिलेले असे दुसरे वाङ्मय अभ्यासकांना ज्ञात नाही. लाखो माणसे गेली आणि त्यांच्या वतीने साक्ष द्यावयास एक चिमुकली पुस्तिका उरली!

ती उरली तरी कोठे? लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. गयानात जन्मलेल्या, अमेरिकेत वाढलेल्या गायुत्रा बहादुर या लेखिकेने तिचा माग काढला. त्यांची पणजी १९०३ मध्ये गर्भवती असताना एकटीच कलकत्त्याहून जहाजावर चढली होती. त्या पणजीचा शोध घेणारा त्यांचा ग्रंथ २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पुढे मूळ गयानाच्याच कुटुंबातील कवी राजीव मोहाबीर यांनी या फागांचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो २०१९ मध्ये अमेरिकेत प्रकाशित झाला. ज्यांच्या घरातून भोजपुरी जवळजवळ पुसली गेली, त्या चौथ्या-पाचव्या पिढीने ती पुस्तिका हाती धरून पूर्वजांची भाषा पुन्हा अक्षर-अक्षर लावली. आणि आपण, ज्यांच्या देशात ती भाषा कोट्यवधी लोक बोलतात, आपण काय केले?

येथे इतिहासाचा एक कडवट विनोद आहे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर दहाच वर्षांनी, १८६७ मध्ये, इंग्रजांनी छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. हिंदुस्थानात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारजमा करणे त्याने बंधनकारक झाले. देशी छापखान्यांत काय शिजते आहे, हे राज्यकर्त्यांना कळावे, ही त्यामागील एक गरज होती. परंतु या कायद्यापोटी असंख्य किरकोळ पुस्तिका सरकारी याद्यांत चढल्या आणि त्यांतील अनेक लंडनला जाऊन तेथे टिकून राहिल्या. परक्यांनी पाळतीसाठी जे जपले, ते आपण प्रेमानेही जपले नाही. आपल्या ग्रंथालयांनी वेदान्तावरील भाष्ये ठेवली, ते योग्यच झाले. पण जत्रेतील पुस्तिका ठेवण्यात त्यांना कमीपणा वाटला.

इंग्रजांनी स्वतःच्या देशात काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. त्यांच्याकडेही एका पाठकोऱ्या कागदावर गाणे छापून ते चौकात गात विकण्याची प्रथा होती. लंडनच्या सेव्हन डायल्स या दरिद्री वस्तीत जेम्स कॅटनॅकचा छापखाना अशाच कागदांवर चाले. दुष्काळाने हाकललेले आयरिश, जमिनीवरून उठवलेले स्कॉटिश, काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियाला धाडलेले कैदी या साऱ्यांची गाणी तशा कागदांवर आली. ते कागदही तेथील विद्वानांना हीनच वाटत. तरीही सतराव्या शतकात सॅम्युअल पेपिस या नौदलातील अधिकाऱ्याने अशी अठराशेच्या आसपास गाणी जमवली आणि ती आज केंब्रिजच्या एका महाविद्यालयात आहेत. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने तर आपल्याकडील तीसेक हजार कागद संगणकावर सर्वांसाठी खुले केले. रद्दी कोणती आणि ठेवा कोणता, हे काळ ठरवतो. मात्र त्यासाठी ती वस्तू तोवर टिकलेली असावी लागते.

कोणी म्हणेल, या गाण्यांना पुरावा म्हणावे काय? विरहिणीचे रडणे तर बारामाशाची जुनी रीतच आहे. हा आक्षेप खरा आहे आणि तो मानूनच पुढे गेले पाहिजे. गाणे हा जबानीचा कागद नव्हे. ‘बिदेसिया’तील पत्नीचे दुःख पुरुषाने लिहिले आणि रंगमंचावर स्त्रीवेषातील पुरुषानेच गायिले. परंतु दफ्तरातील कागद तरी कोठे निर्मळ आहे? त्यावर मजुराचे नाव परक्या कारकुनाच्या कानाला ऐकू आले तसे लिहिलेले असते आणि ‘स्वेच्छेने जात आहे’ ही नोंद आरकाट्याने पढवलेल्या उत्तरावरून केलेली असते. गाणे आणि दफ्तर शेजारी ठेवून वाचले, तरच पूर्ण माणूस दिसेल.

तो माणूस पाहताना आपल्याला आपलाही चेहरा दिसेल, म्हणून कदाचित आपण ते टाळत आलो असू. मजुरांना फसवून नेणारे गोरे मळेवाले होते. परंतु गावोगाव हिंडून भुलवणारे आरकाटी आपलेच होते. दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया असाव्यात असा नियम होता आणि त्या चाळीसांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या. त्यांना जहाज जवळचे वाटावे, असे त्यांच्या घरात काय घडले होते? आणि जे परत आले, त्यांचे आपण काय केले? समुद्र ओलांडला म्हणून कित्येकांना गावाने, जातीने घेतले नाही. कलकत्त्याच्या मटियाबुर्जमध्ये अशा परतलेल्यांची वस्ती झाली. ज्या बंदरातून निघालो, तेथूनच पुन्हा एखादे जहाज मिळेल का याची ते वाट पाहत होते. भवानीदयाळ संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी १९३१ मध्ये या परतलेल्यांच्या दुर्दशेचा अहवालच प्रसिद्ध केला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायातील ज्या सात बेड्या सांगितल्या, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. त्या बेडीचा घाव कोणाच्या पायावर बसला, ते मटियाबुर्जला दिसत होते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. गिरमिट प्रथा बंद करावी, असा ठराव ४ मार्च १९१२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात मांडला तो नामदार गोखल्यांनी. बाजूने २२ आणि विरुद्ध ३३ मते पडून तो फेटाळला गेला. पण आवाज उठला तो उठलाच. १९१४ मध्ये तोताराम सनाढ्य यांची फिजीतील एकवीस वर्षांची कहाणी हिंदीत आली, १९१७ मध्ये भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करार रद्द झाले. मॉरिशसला मुंबई बंदरातूनही माणसे गेली. त्यांत कोकणातील मराठी माणसे होती. तेथे गणेशचतुर्थी आज सार्वजनिक सुटीचा सण आहे आणि कोकणातील जाखडी अजून गायिली जाते. तेथील भोजपुरी विवाहगीतांना, ‘गीत-गवई’ला, २०१६ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या वारशाच्या यादीत स्थान दिले.

२००३ पासून ९ जानेवारी हा दिवस आपण प्रवासी भारतीय दिवस म्हणून पाळतो. पंतप्रधानपदापर्यंत पोहोचलेल्या गिरमिटियांच्या वंशजांचा सत्कार करतो. तो अभिमान रास्तच आहे. परंतु नातवाच्या गळ्यात हार घालताना आजोबाच्या गाण्याची पुस्तिका वाळवीला देणे, हा कृतघ्नपणा आहे.

काम फार मोठ्या खर्चाचे नाही. बनारस, छपरा, आरा, हावडा येथील जुन्या पुस्तकविक्रेत्यांच्या माळ्यांवर, नाटकमंडळ्यांच्या पेट्यांत अजून काही शिल्लक असेल, ते जमवावे. लंडनच्या याद्यांतील भारतीय भाषांच्या पुस्तिकांच्या छायाप्रती मागवाव्यात. मराठीपुरते बोलायचे तर कोकणातील घराघरांत मॉरिशसचा उल्लेख असलेली ओवी, जाखडीची वही, एखादे जीर्ण पत्र असू शकते. गावातील शाळेने आणि वाचनालयाने तेवढी विचारपूस केली तरी पुष्कळ होईल. विद्यापीठे जागी होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

जहाजावर चढताना गिरमिटियाच्या गाठोड्यात फारसे काही नसे. एक लोटा, एखादे वस्त्र, कोणाकडे तुलसीरामायणाची पोथी आणि कंठात काही गाणी. लोटे झिजले, वस्त्रे विरली. गाणी मात्र परत आली आहेत; त्यांना तरी आपण मटियाबुर्जच्या धक्क्यावर ताटकळत ठेवू नये.