तणाचा हिशेब कोण ठेवणार?

तुमच्या फोडणीत तडतडणाऱ्या मोहरीची एक लांबची बहीण आहे, जी कुठल्याच स्वयंपाकघरात जात नाही. अ‍ॅराबिडॉप्सिस थॅलियाना. युरोपात रस्त्याकडेला, भिंतीच्या फटीत, पडीक शेतात उगवणारं वीतभर तण. बारीक पांढरी फुलं. भाजी होत नाही, तेलासाठी कुणी पेरत नाही.

आणि तरीही वनस्पतींबद्दल आज आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंचसं या तणाने शिकवलंय. बी पेरल्यापासून नवं बी हातात यायला साधारण सहा आठवडे. एका रोपाला हजारो बिया. फ्रीड्रिख लाइबाखने 1943 मध्येच सुचवलं होतं की अनुवंशशास्त्रासाठी हे झाड घ्या. डिसेंबर 2000 मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला. वनस्पतींमधला पहिलाच. सुमारे साडेअकरा कोटी अक्षरं, साधारण साडेपंचवीस हजार जीन, सगळं जगाला खुलं.

‘पण उपयोग काय?’ हा प्रश्न येतोच. उत्तर आहे. मोहरीच्या शेंगा पिकल्या की फुटतात आणि दाणे शेतातच सांडतात. शेंग फोडणारे जीन 2000 साली याच तणात सापडले आणि तेलबियांमधली ही गळ थांबवायला दिशा मिळाली. पण माझं भांडण या प्रश्नाशी नाही. माझं भांडण पुढच्या प्रश्नाशी आहे, जो कुणी विचारतच नाही: ही माहिती सांभाळतं कोण?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. नुसता जीनोम म्हणजे एकही कमेंट नसलेला कोडबेस. कुठला जीन काय करतो, हे हजारो शोधनिबंधांत विखुरलेलं असतं. ते वाचून, तपासून, एकेका जीनपुढे नोंदवणारी माणसं लागतात. अ‍ॅराबिडॉप्सिससाठी हे काम 1999 पासून ‘टेअर’ नावाचा डेटाबेस करतोय. आधी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर. ते अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होत 2013 मध्ये संपलं. मग डेटाबेस एका ना-नफा संस्थेकडे गेला आणि सब्स्क्रिप्शन सुरू झालं. ताजी माहिती वर्गणीदारांना, बाकीच्यांना सुमारे वर्षभराने.

ज्यांनी हे केलं त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी डेटाबेस जिवंत ठेवला. दोष त्या विचाराचा आहे, ज्याला उद्घाटन आवडतं आणि देखभाल खर्च वाटते. ‘वापरणाऱ्याने पैसे द्यावेत, त्यात चूक काय?’ असं कुणी म्हणेल. चूक ही की ज्या नोंदी झाल्या, त्या जगभरच्या प्रयोगशाळांनी बहुतांशी सार्वजनिक पैशातून केलेल्या कामाच्या आहेत. आणि वर्गणी परवडत नाही म्हणून एखाद्या लहान कॉलेजातली विद्यार्थिनी एक वर्ष मागे राहते, तेव्हा तिचं नुकसान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

मे 2022 मध्ये बातमी आली: अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या मातीत फ्लोरिडात रोपं उगवली. ती हीच. फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केले. पण रोपं उगवणं हा अर्धाच निष्कर्ष. ती मातीशी झगडत होती, हे कुठले जीन चालू झाले ते पाहून नीट कळलं. आणि कुठल्या जीनचा अर्थ काय, हे आधी कुणीतरी कंटाळवाण्या कामासारखं नोंदवून ठेवलं होतं म्हणून ते वाचता आलं.

ओपन सोर्स वापरणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. सगळे वापरतात, सांभाळणारे दोघं-तिघं, आणि पगाराचं विचारलं की शांतता. म्हणून मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून माहिती उभी करायची असेल, तर ती सांभाळणाऱ्यांचा पगारही त्याच बजेटमध्ये, पहिल्या दिवसापासून धरा. तण आपोआप वाढतं. त्याच्याबद्दलच्या नोंदी नाही वाढत.