स्पर्धेचा संच आणि वाढीचे वय

जूनमध्ये शाळा उघडल्या की मावळातल्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. जिम्नॅस्टिक्स किंवा मल्लखांब शिकणाऱ्या मुलामुलींचे पालक विचारतात, "डॉक्टर, जिल्ह्याची स्पर्धा पावसाळा संपता संपता होईल. संपूर्ण संच आतापासूनच रोज करून घ्यावा का?" दुसऱ्या काही घरांत नेमके उलट घडते. स्पर्धेचे पत्र शाळेत येईपर्यंत कोणी हालत नाही आणि पत्र आले की पंधरा दिवसांत सारे काही उरकायचे असते. पहिल्या घरातले मूल सप्टेंबरपर्यंत थकलेले असते. दुसऱ्या घरातले मूल स्पर्धेनंतरच्या आठवड्यात मनगट धरून माझ्यासमोर बसलेले असते.

संच म्हणजे सुट्या कौशल्यांची ओळीने गुंफलेली माळ. मल्लखांबावर दसरंग, ताजवा, सुईदोरा हे सारे सुटे सुटे येणे वेगळे आणि दमछाक न होता एकापाठोपाठ एक सादर करून शेवटी स्थिर उडी घेणे वेगळे. जिम्नॅस्टिक्समध्ये मुलींच्या फ्लोअर एक्झरसाइजची कमाल मर्यादा ९० सेकंदांची आहे. ऐकताना ही वेळ किरकोळ वाटते, परंतु त्या दीड मिनिटाच्या अखेरच्या उडीला पाय भरून आलेले असतात, श्वास चढलेला असतो आणि लक्ष विचलित होऊ लागते. दुखापत होण्याचा धोका नेमका तिथे वाढतो. म्हणून संपूर्ण संचाचा सराव लागतोच; त्याशिवाय मुलाला स्पर्धेत उतरवणे मला मान्य नाही. प्रश्न आहे तो केव्हापासून आणि किती, एवढाच.

माझे उत्तर असे : स्पर्धेच्या दिवसापासून मागे मोजत यावे. उन्हाळ्याची सुट्टी आणि त्यानंतरचे काही आठवडे नवी कौशल्ये, ताकद आणि लवचीकता यांना द्यावेत. स्पर्धेला दहा-बारा आठवडे उरले की नवे काही संचात घालणे थांबवावे; जे दहापैकी आठ-नऊ वेळा सुरक्षित जमते, तेच संचात राहील. त्यानंतर संचाचे तुकडे करावेत : सुरुवातीचा तुकडा, मधला, उडीसह शेवटचा. सात-आठ आठवडे उरले की अर्धा अर्धा संच. संपूर्ण संच मात्र शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत, तोही सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन दिवस आणि एका सत्रात दोन-तीनदाच. उडी आधी मऊ गादीवर घ्यावी, मग हळूहळू स्पर्धेच्या गादीवर. अखेरच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा. त्या आठवड्यात अंगी नवी ताकद येत नाही, फक्त थकवा उतरतो, आणि तो उतरलाच पाहिजे.

हे आकडे पंचांगातल्या मुहूर्तासारखे काटेकोर नाहीत. तुमच्या मुलाचे प्रशिक्षक त्याला रोज पाहतात, त्यांचा शब्द महत्त्वाचा. परंतु एक गोष्ट प्रशिक्षकाच्या डोळ्यांतूनही निसटू शकते आणि ती पालकांनी घरी मोजायची आहे : मुलाची उंची.

मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी आणि मुलांची तेराव्या-चौदाव्या वर्षी. शालेय स्पर्धांतला चौदा वर्षांखालील गट म्हणजे जवळपास हेच वय. या काळात हाडे आधी लांब होतात आणि त्यांच्यात खनिजे भरण्याचे काम मागाहून होते. स्नायू आणि कंडराही मागे राहतात, त्यामुळे कालपर्यंत सहज होणारी कमान आज ताणते. लांब झालेल्या हातापायांचा अंदाज मेंदूला नव्याने घ्यावा लागतो. काल जमणारी कोलांटी आज अचानक बिघडली तर पालक मुलाला आळशी ठरवतात. बहुधा ते मूल दोन सेंटिमीटर वाढलेले असते.

हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक नाजूक थर असतो. हाड लांब होते ते त्याच्यामुळे. जिम्नॅस्टिक्समध्ये हात हे पायाचे काम करतात, शरीराचा भार पुन्हा पुन्हा मनगटावर आदळतो आणि अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचा तो थर सुजू शकतो. वेळीच विश्रांती मिळाली तर तो बहुतेकदा पूर्ववत होतो. दुखणे दाबून, क्रेप बँडेज बांधून महिनोन्‌महिने सराव रेटला, तर त्या बाजूची वाढ वेळेआधी खुंटू शकते आणि मनगट कायमचे वाकडे होऊ शकते. गुडघ्याखालचा उंचवटा, टाच आणि कमरेचे मणके या जागाही अशाच. विशेषतः मागे कमान घेताना कमरेत एका बाजूला दुखत असेल आणि ते दोन आठवड्यांत थांबत नसेल, तर ती साधी उसण समजू नये. मणक्याच्या मागच्या भागाला ताणाने चीर गेलेली असू शकते.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी, अनवाणी, भिंतीला टाच टेकवून उंची मोजा आणि वहीत लिहा. सलग तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरांच्या आसपास किंवा अधिक वाढ दिसली, तर मूल वेगाने वाढत आहे. अशा वेळी संपूर्ण संच पंधरा दिवस उशिरा सुरू करा आणि उड्यांची संख्या कमी ठेवा. ही वही प्रशिक्षकांना दाखवा. बहुतेक प्रशिक्षक आनंदाने पाहतात, असा माझा अनुभव आहे. मोजून पाहण्याची परंपरा तर आपल्या लोणावळ्याचीच : १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि आसने व क्रिया करताना शरीरात काय घडते हे क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रे लावून तपासले. आपल्याला तर एक टेप पुरतो.

आपल्या भागाचा पाऊसही हिशेबात धरावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये लोणावळ्यात दिवसचे दिवस कपडे वाळत नाहीत, हॉलची फरशी घामेजते, लाकडी खांब ओल धरतो आणि एरंडेलाची पकड भरवशाची राहत नाही. त्यातच शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबतो आणि सराव बुडतो. हे दरवर्षी होते, तरीही आपण दरवर्षी त्याला आकस्मिक मानतो! पावसाळ्यात घरी करता येण्याजोगी पोटाची, खांद्यांची, पायांच्या पकडीची ताकद वाढवणारी कामे करून घ्यावीत. ओल्या खांबावर, ओल्या फरशीवर उडी नको, मग स्पर्धा दहा दिवसांवर असली तरी.

याच दिवसांत ताप येतात. चार-पाच दिवसांच्या विषाणूजन्य तापानंतर मूल घरात धावू लागले म्हणजे ते संचासाठी तयार झाले असे नव्हे. जितके दिवस आजार, निदान तितके दिवस हलका सराव, मग तुकडे, मग पूर्ण संच. डेंग्यू झाला असेल तर डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय उड्या नकोत. आणि हो, दहीहंडीच्या सुमारास जिम्नॅस्ट मुलांना वरच्या थरासाठी हमखास बोलावणे येते. चौदा वर्षांखालील मुलांना थरांवर चढवण्यास मनाई आहे हे मंडळांना ठाऊक असते. आग्रह तरीही होतो. पालकांनी स्पष्ट नकार द्यावा.

आहाराविषयी एकच, पण महत्त्वाचे. स्पर्धा जवळ आली की काही मुली रात्रीचे जेवण टाळू लागतात. कोणीतरी "अंग हलके ठेव" असे सहज म्हटलेले असते. वाढत्या वयात संचाचा सराव वाढवायचा आणि ताटातली भाकरी कमी करायची, याचा परिणाम हाडांवर होतो. सरावापूर्वी केळे किंवा शेंगदाणा लाडू, सरावानंतर तासाभरात उसळ-भाकरी, वरण-भात, दूध, चालत असेल तर अंडे, एवढे साधे पुरते. पंधरावे वर्ष पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा सुरू झालेली पाळी तीन महिने थांबली असेल, तर "खेळणाऱ्या मुलींना असे होतेच" म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावे.

गेल्या वर्षी एक बारा वर्षांची मुलगी मनगट दुखते म्हणून आली. आई सांगत होती, "स्पर्धेपुरती गोळी द्या, नंतर विश्रांती देऊ." त्या मुलीने हळूच विचारले, "डॉक्टरकाका, मी पुढच्या वर्षी खेळले तर उशीर होईल का?" तिला मी दीपा कर्माकरविषयी सांगितले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत दीपा चौथी आली, तेव्हा तिने नुकतीच तेविसावी ओलांडली होती. आंतरराष्ट्रीय नियमानुसार वरिष्ठ गटात उतरण्यासाठी मुलीला त्या वर्षी सोळा पूर्ण व्हावी लागतात. मग बाराव्या वर्षी कसला उशीर? गोळी मी दिली नाही. सरावाआधी वेदनाशामक घेऊन खेळणे म्हणजे शरीराची तक्रार ऐकू येऊ नये म्हणून कानात बोळे घालणे. सहा आठवडे हातांवर भार न घेता तिने पायांचे आणि पोटाचे काम चालू ठेवले आणि ती स्पर्धा सोडली.

शालेय स्पर्धेत जिल्ह्यानंतर विभाग आणि मग राज्य अशा पायऱ्या असतात, हेही ध्यानात असू द्या. जिल्ह्यात निवड झाली की मुले दुसऱ्याच दिवशी पुन्हा पूर्ण संच सुरू करतात. तसे नको. दोन दिवस संपूर्ण सुट्टी, तीन-चार दिवस तुकडे, मग पुढच्या स्पर्धेपासून पुन्हा मागे मोजणे. दोन स्पर्धांत तीनच आठवडे असतील तर संचात नवी भर अजिबात घालू नये. आहे तोच संच स्वच्छ करावा.

दुखणे एकाच जागी बोट ठेवून दाखवता येत असेल, दुसऱ्या दिवशी सकाळीही टिकत असेल, रात्री झोप मोडत असेल किंवा मूल लंगडत असेल, तर स्पर्धेची तारीख न पाहता त्याच आठवड्यात दाखवायला आणा. येताना उंचीची वहीही सोबत असू द्या.