कराची किती लांब?

आमच्या शेजारच्या आजी नव्वदीला टेकल्या आहेत. जन्म कराचीचा. वाचकांपैकी काहींना हे चमत्कारिक वाटेल; पण सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच होता आणि कराचीत मराठी मंडळी चांगली नांदत होती. आजींचे थोरले भाऊ तिथल्या नारायण जगन्नाथ हायस्कुलात शिकले. 1947 साली आजी बोटीने मुंबईस आल्या, त्या आल्याच. "दोन रात्री नुसती ओकत होते," एवढेच त्या प्रवासाचे वर्णन त्या करतात.

परवा करंजीला मुरड घालता घालता त्यांनी नातवाला विचारले, "विमानानं कराचीला किती वेळ लागतो रे?"

नातवाने फोनवर बोट फिरवले. सरळ हवाई अंतर सुमारे 875 किलोमीटर. म्हणजे दिल्लीहूनही जवळ! दिल्ली 1140 च्या घरात जाते. जेट विमान ताशी 800 च्या पुढे उडते, तेव्हा हिशेबाने तासाभरात पोचावे. पण विमान काही जागेवरून सुटल्या सुटल्या त्या वेगात नसते. धावपट्टीपर्यंत रांगायचे, वर चढायचे, पुन्हा हळूहळू उतरायचे. यातच बराच वेळ जातो. तरी दीड तास पुरे.

आम्हांला जे. आर. डी. टाटा आठवले. 15 ऑक्टोबर 1932 रोजी सकाळी ते टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून एकटेच निघाले. एका इंजिनाचे चिमुकले पस मॉथ विमान, वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. वाटेत अहमदाबादेस पेट्रोल भरले आणि दुपारी जुहूला उतरले. 1982 साली, वयाच्या 78 व्या वर्षी, हाच प्रवास त्यांनी जुन्या छोट्या विमानातून पुन्हा केला. हौस म्हणतात ती ही!

"म्हणजे दीड तास," आजी खुशीत म्हणाल्या.

नातू घुटमळला. थेट विमानसेवा केव्हाच बंद पडलेली, आणि 2025 साली तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाशच बंद केले. फोनने वाट दाखवली ती दुबईवरून. मुंबई ते दुबई सुमारे 1930 किलोमीटर, तिथून कराची 1190. अंतर झाले साडेतीनपट. हवेतच पाचएक तास, शिवाय दुबईच्या बाकावर बसून राहायचे ते वेगळे. टाटांचे पस मॉथ याच्या आधी पोचले असते! आणि हे सारे व्हिसा मिळाला तर. तो किती दिवसांनी मिळेल, हे फोनला विचारण्यात अर्थ नव्हता.

आजींनी सारे ऐकून घेतले. करंजी ताटात ठेवली.

"आणि येताना?"

"येतानाही दुबईच, आजी."

"मग डबा बरोबर घ्यायला हवा," असे म्हणून त्यांनी पुढची पारी लाटायला घेतली.