चूर्णाच्या डबीतील ओलावा

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हे समीकरण जाहिरातदारांनी मध्यमवर्गाच्या गळी पद्धतशीरपणे उतरविले आहे. साल्मोनेलाचे जंतू आणि बुरशी हीदेखील निसर्गाचीच लेकरे होत, याचा मात्र सोयीस्कर विसर पडतो. अमेरिकेत २०१७-१८ मध्ये क्रेटम नावाच्या वनस्पतीच्या भुकटीतून साल्मोनेलाची साथ पसरली; ४१ राज्यांत १९९ रुग्ण नोंदले गेले.

काढा निदान उकळला तरी जातो. चूर्ण आणि कॅप्सूल यांना ती अग्निपरीक्षा नाही. रानातील मातीपासून गोदामातील उंदरांपर्यंत जे जे वनस्पतीला चिकटले, ते सरळ रुग्णाच्या पोटात जाऊ शकते. शिवाय काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे कर्करोगकारक विष तयार करतात आणि ते उकळूनही नष्ट होत नाही.

बुरशीचे मूळ ओलाव्यात आहे आणि ओलाव्याचे मूळ बाजारात. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातील आदिवासी बाळहिरडा वेचून उन्हात वाळवितात. माल वाळला की वजन घटते, आणि भाव तर वजनावर! नीट वाळवायला दिवस लागतात, ओटा लागतो, वळिवापासून वाचवायला छप्पर लागते. हातावर पोट असलेल्या माणसाने उद्याच्या पिठामिठासाठी अर्धवट वाळलेला माल विकला, तर त्याला अप्रामाणिक म्हणणे हा शुद्ध निर्लज्जपणा होय. हिरडा त्रिफळ्याच्या देखण्या डबीत शिरतो, तेव्हा त्या डबीच्या किमतीत जाहिरातीचा खर्च धरलेला असतो. वाळवणीचा कष्ट कोणी धरत नाही.

आणि कायदा? १९४० च्या औषधविषयक कायद्यात आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण १९६४ साली आले. कारखान्यातील स्वच्छतेचे नियम, म्हणजे अनुसूची ‘टी’, यायला २००० साल उजाडले. पोटात घ्यावयाच्या औषधात ई. कोलाय, साल्मोनेला असता कामा नयेत, असे आयुर्वेदीय औषधकोश बजावतो. परंतु ग्रंथोक्त योगांना परवाना देताना सुरक्षिततेच्या अभ्यासाची अट नाही. ग्रंथ योगाची ग्वाही देईल. यंदाच्या पावसात भिजलेल्या गोणीची ग्वाही चरकाने कशी द्यावी? तपासणी प्रत्येक बॅचची हवी, ती कारखान्याबाहेरच्या प्रयोगशाळेत हवी आणि तिचा निकाल डबीवर छापलेला हवा.

असे म्हणणाऱ्यावर आयुर्वेदद्रोहाचा शिक्का मारला जातो. मारणारे बहुधा बड्या कारखानदारांचे भाट असतात, त्यांचे सोडा. पण आयुर्वेदाची टवाळी करून मोकळे होणारे पुरोगामीही कमी दोषी नाहीत. टवाळीने ना बॅच तपासली जाते, ना हिरड्याला भाव मिळतो. कार्यकर्त्यांनी ग्राहकाची आणि वेचणाऱ्याची मागणी एकाच निवेदनात मांडली पाहिजे: बॅचवार तपासणीबरोबरच कोरड्या मालाला वाढीव हमीभाव आणि गावोगाव छपराचे वाळवणीचे ओटे. पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न हटकून विचारला जाईल. औषधकंपन्यांच्या जाहिरातखर्चावर उपकर बसवा. पैसा तेथे मुबलक आहे.