अकरा महिन्यांचे वर्ष

मीरा रोडच्या भाडेकरूचे वर्ष अकरा महिन्यांचे असते. दहावा महिना लागला की घरमालकाचा फोन येतो. बोलणे प्रकृतीच्या चौकशीने सुरू होते आणि 'मार्केट रेट' या शब्दावर येऊन थांबते. ज्याला नवा आकडा झेपत नाही तो शांतीनगरच्या एका सेक्टरमधून दुसऱ्यात जातो, तिथून पेणकरपाडा किंवा काशीगावकडे आणि अखेर खाडी ओलांडून नायगाव-वसईला बिऱ्हाड हलवतो. मुलांची शाळा, बाईची नोकरी, म्हाताऱ्यांचा डॉक्टर हे सारे मागे राहते किंवा रोज लोकलने गाठावे लागते.

समजा, वन बीएचकेचे भाडे 20 हजार रुपये आहे. दर नव्या कराराला दहा टक्के वाढ धरली तर चौथ्या नूतनीकरणाला ते 29 हजारांच्या पुढे जाते. म्हणजे चार वर्षेही पूर्ण होत नाहीत आणि भाडे जवळपास दीडपट होते. मीरा-भाईंदरमध्ये राहून अंधेरी किंवा लोअर परळला नोकरी करणाऱ्या किती जणांचा पगार या वेगाने वाढतो? शिवाय घरात पाऊल टाकण्यापूर्वी लाखभराचे डिपॉझिट, एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली, पहिल्या महिन्याचे भाडे आणि टेम्पोवाला. एवढी रक्कम ज्याच्या हाताशी असते तो माणूस गरीब नसतो. दर अकरा महिन्यांनी तो थोडा थोडा गरीब होत जातो.

मुळात हे अकरा महिने आले कुठून? देशाच्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती चुकवण्यासाठी अकराची पळवाट निघाली. महाराष्ट्रात मात्र 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने ती केव्हाच बुजवली. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असो वा पाच वर्षांचा, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद. पाच वर्षांपर्यंतच्या करारासाठी मुद्रांक शुल्काचा दर एकच, पाव टक्का. वर दिलेल्या उदाहरणातला करार केला तर शुल्क आणि नोंदणी मिळून सरकारी खर्च दोन हजारांच्या आत बसतो. म्हणजे मुदत अकरा महिन्यांची ठेवण्यात भाडेकरूचा काहीच फायदा नाही. फायदा दलालाचा आहे, कारण नव्या करारावर नवी दलाली मागता येते. आणि मालकाचा, कारण भाव वाढवण्याची संधी दरवर्षी हाती राहते. पळवाट बुजली, पण तिच्यावर थाटलेले दुकान जोरात चालू आहे.

भाडे वाढण्याची कारणे मालकाच्या लोभापुरती नाहीत, हेही सांगायला हवे. 2001 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या 5 लाख 20 हजार होती, 2011 मध्ये ती 8 लाख 9 हजार झाली. त्यानंतर मोजणीच झालेली नाही, पण सकाळी सातला मीरा रोडच्या फलाटावर उभे राहिले तरी अंदाज येतो. बोरिवली-दहिसरच्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला गेल्या की तिथली कुटुंबे बिल्डरने दिलेले भाडे घेऊन चेकनाक्याच्या अलीकडे येतात. बोरिवलीच्या हिशेबाने मिळालेल्या त्या रकमेपुढे स्थानिक पगारदाराचा टिकाव लागत नाही. त्यातच भाईंदरच्या जुन्या इमारतीही दर पावसाळ्याआधी धोकादायक ठरून रिकाम्या होतात आणि त्यातली माणसेही त्याच रांगेत उभी राहतात. ऑक्टोबर 2024 मध्ये दहिसरला हलक्या वाहनांचा टोल गेला. मे 2025 मध्ये मेट्रो 9 ची चाचणी झाली, आणि जाहिरातींतले 'मेट्रोपासून पाच मिनिटे' तर गाडीच्या कितीतरी आधी येऊन पोहोचले. सार्वजनिक पैशाने झालेल्या सोयीचे मोल असे खासगी भाड्यात वसूल होते.

मीरा रोडचा मालकही काही जहागीरदार नव्हे. नव्वदच्या दशकात शांतीनगरात दुसरी खोली घेऊन ठेवलेला निवृत्त कारकून, किंवा हप्ता फेडण्यासाठी स्वतः लहान घरात राहून मोठे भाड्याने दिलेले जोडपे, असेच मालक इथे जास्त. त्यांच्या मनातली भीती खरी आहे आणि तिला इतिहास आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणित भाड्याच्या त्या तरतुदी आता वाजवी राहिल्या नसल्याचे सांगितले, तोवर गिरगाव-लालबागच्या इमारती मोडकळीला आल्या होत्या. त्या अनुभवाने पोळलेल्यांनी घरे कुलूप लावून ठेवणे पसंत केले. 2011 मध्ये देशातल्या शहरांत सुमारे 1 कोटी 11 लाख घरे रिकामी होती. 2000 पासून लागू झालेल्या त्याच 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मग उलटे टोक गाठले. जुन्या भाडेकरूला वर्षाला चार टक्क्यांचीच वाढ, तर लायसन्सवाल्याला कसलीही मर्यादा नाही. उलट मुदत संपूनही तो राहिला तर दुप्पट भरपाई. डिपॉझिटला कमाल सीमा नाही. केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यावर रोखले आहे. महाराष्ट्रात मात्र 1999 चाच संसार चालू आहे.

ज्या शहराबद्दल आपण बोलतो आहोत त्याच्याच जमिनीवरून 1990 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला होता, हे आज मीरा रोडलाही ठाऊक नसेल. शांतीस्टार बिल्डर्स विरुद्ध नारायण खिमालाल टोटामे हे ते प्रकरण. नागरी जमीन कमाल धारणा कायद्यातून मीरा गावातली जमीन सुटली ती दुर्बल घटकांसाठी घरे बांधण्याच्या अटीवर. घरे खरोखर त्यांनाच मिळतात का आणि किंमत कशी वाढते, हा वाद दिल्लीपर्यंत गेला. राहण्याजोगा निवारा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने त्या वेळी म्हटले. पुढे 2007 मध्ये राज्याने कमाल धारणा कायदाच रद्द केला.

भाड्याच्या घरांचा सरकारी प्रयोगही झाला. 2008 मध्ये एमएमआरडीएने 160 चौरस फुटांच्या घरांची योजना आणली, बिल्डरांना जादा चटई क्षेत्र दिले. इमारती मीरा-भाईंदरमध्येही उभ्या राहिल्या, पण संक्रमण शिबिर म्हणूनच त्या वापरात आल्या. आणि योजना काही वर्षांतच गुंडाळली गेली. मे 2025 च्या राज्य गृहनिर्माण धोरणात 2030 पर्यंत 35 लाख घरांचे उद्दिष्ट आहे. धोरणाचे नाव 'माझे घर, माझा अधिकार'. भाड्याचे घर या 'माझे'मध्ये कितपत बसते, हे विचारायला हवे.

सोसायट्यांचा जाच वेगळाच. बॅचलर नको, मांसाहार नको, अमुक आडनाव नको. भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून घ्यायचे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असा राज्याचा आदेश ऑगस्ट 2001 पासून आहे. तरी वेगवेगळ्या नावांनी जादा वसुली होते आणि ती शेवटी भाड्यातच मिसळते. जुलै 2025 मध्ये भाषेच्या प्रश्नावर मीरा रोडच्या रस्त्यांवर मोर्चे निघाले. घरभाड्यासाठी इथे मोर्चा निघाल्याचे आम्हाला आठवत नाही. भाडेकरूला पक्ष नसतो, कारण पुढच्या निवडणुकीला तो त्याच प्रभागात असेल याची खात्री नसते.

भाडी गोठवा, अशी आमची मागणी नाही. गोठवून काय होते ते मुंबईने पन्नास वर्षे पाहिले. बर्लिननेही 2020 मध्ये तो प्रयत्न केला आणि पुढच्याच वर्षी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला. मात्र त्याच जर्मनीत दुसरी एक रीत आहे. तिथली शहरे 'मीटश्पीगल', म्हणजे भाड्याचा आरसा, प्रसिद्ध करतात. कोणत्या भागात, किती जुन्या आणि केवढ्या घराला प्रत्यक्षात काय भाडे पडते याचा तो तक्ता असतो. आता 50 हजारांहून अधिक वस्तीच्या गावांना तो सक्तीचा आहे. महाराष्ट्राला असा आरसा बनवायला नवे सर्वेक्षणही करावे लागणार नाही. प्रत्येक नोंदणीकृत करारातली जागा, डिपॉझिट आणि भाडे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संगणकात आधीच आहे. रेडी रेकनरच्या रूपाने विक्रीचे दर हाच विभाग जाहीर करतो. नावे वगळून सेक्टरवार, चौरस फुटावार भाड्याचा तक्ता दर तिमाहीला काढला, तर 'मार्केट रेट' हा दलालाच्या तोंडचा शब्द न राहता तपासता येणारा आकडा होईल. सोबत पहिल्या करारालाच तीन वर्षांची मुदत मागण्याचा हक्क, त्या काळातली वाढ सुरुवातीलाच ठरवण्याची सक्ती आणि दोन महिन्यांचे डिपॉझिट एवढे कायद्यात आणावे. मालकाचा घर परत मिळण्याचा हक्क यात कुठेही बुडत नाही, उलट लवकर निकालाची हमी त्याला द्यायलाच हवी.

आयकराच्या जुन्या प्रणालीत मुंबईकराला घरभाडे भत्त्यावर पगाराच्या 50 टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. दहिसरचा नाका ओलांडला की ती मर्यादा 40 होते. भाडे मात्र मुंबईच्या पुनर्विकासाने ठरायचे.

जनगणनेचा प्रगणक घर स्वतःचे की भाड्याचे एवढे विचारतो, भाडे किती ते विचारत नाही. 2027 च्या जनगणनेत घरयादीचे काम 2026 मध्ये आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये ठरलेली आहे. मीरा रोडच्या कितीतरी दारांवर घरयादीच्या वेळी भेटलेले कुटुंब मोजणीच्या वेळी त्याच प्रगणकाला भेटणार नाही. मधल्या काळात त्यांचे अकरा महिने भरलेले असतील.