हाडांचा हिशेब कोण ठेवणार?

"दिवसभर राबतो, तोच आमचा व्यायाम," असं वस्तीतल्या बैठकीत बायका म्हणाल्या. मी निरुत्तर झाले. वाकून धुणं-भांडी केल्यानं कंबर मोडते, हाडं बळकट होत नाहीत. त्यांना लागतं भरभर चालणं, जिने चढणं, थोडं वजन उचलणं, तेही नियमित. शिवाय पोटात कॅल्शियम. घरातलं दूध मात्र आधी नवऱ्याला, मुलांना. निदान नाचणीची भाकरी तरी आपल्या ताटात हवी.

पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं, हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात. पाळी थांबण्याआधीच अंडाशयं काढली, तर ही झीज लवकर सुरू होते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या पाहणीत १३ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढल्याचं उघड झालं. त्यांतल्या किती जणींना डॉक्टरांनी हाडांविषयी सांगितलं असेल?

'व्यायाम करा' असा नुसता उपदेश म्हणूनच मला पटत नाही. बाईला रोजचा अर्धा तास कोण देणार? मोकळं मैदान कुठाय? मैत्रिणींनो, हा अर्धा तास चैन नव्हे, हक्क आहे. तो आपण मिळून मागूया, आणि मिळूनच चालूया.